स्वप्नालीची सोनोग्राफी आणि आईचे दोन प्रश्न

कात्रप, बदलापूर (पूर्व)

ती. पायलताईस,

विक्रांतचा मनापासून जय भीम. तुझी कंबर आता कशी आहे? दाजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही तिघं बरे आहोत (साडेतीन लिहिणार होतो, पण आई म्हणते इतक्यात मोजू नये). तू मेसेज वाचतेस आणि उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला.

तर, स्वप्नालीला तिसरा महिना लागलाय. आईला कळल्यापासून घरात कर्फ्यू आहे. पपई बंद, अननस बंद, वाकून केर काढणं बंद, आणि जिना तर साफच बंद. आता हिच्या अंबरनाथच्या ऑफिसात बायकांचं बाथरूम वरच्या मजल्यावर! हिने सरळ पाणी प्यायचंच सोडलं. सकाळी घरून निघाली की संध्याकाळी घरी येऊनच काय ते. व्हायचं तेच झालं. लघवीला जळजळ सुरू झाली, सारखं जावंसं वाटायचं आणि होणार थेंबभर. हिला वाटलं, हेच ते लक्षण, आपलं बाळ चाललं. मला सांगेना, आईला तर नाहीच. बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसायची (आणि मी बाहेरून ओरडायचो, पाणी वाया घालवू नको. शेवटी हिने कारण सांगितलं तेव्हा माझं तोंड कसं झालं असेल ते तूच समज).

डॉक्टर मैत्रेयी मॅडमचा दवाखाना अंबरनाथला. त्यांनी सांगितलं, भरपूर पाणी पिऊन या आणि सोनोग्राफी होईपर्यंत लघवीला जाऊ नका. तशा जळजळीत हिने दोन बाटल्या रिचवल्या आणि आम्ही रिक्षात बसलो. प्रत्येक खड्ड्याला आई म्हणणार, "भाऊ, हळू घ्या, पोटुशी आहे," आणि स्वप्नाली दात आवळून, "भैया, प्लीज, जल्दी चलो!" शेवटी त्याने रिक्षा कडेला घेतली आणि म्हणाला, "पहले आप लोग तय कर लो."

पण ताई, पुढचं कसं लिहू? पडद्यावर आधी एक काळंभोर तळं दिसलं, पुरात आपल्या बदलापूरच्या मांजर्लीत नदी शिरते तसं. मॅडम म्हणाल्या, ही भरलेली मूत्रपिशवी, हिच्यामुळेच मागचं स्वच्छ दिसतं. आणि मागे द्राक्षाएवढं काहीतरी, त्यात एक ठिपका लुकलुकत होता. इतका भराभर! आवाज लावला तर घोडा दौडत असल्यासारखा. अगं, माणूस असा सुरू होतो? तू, मी, तो रिक्षावाला, सगळे असेच लुकलुकत होतो? माझं तोंड उघडं ते उघडंच. आईने पडद्याला हात जोडले. स्वप्नाली रडतच म्हणाली, "मॅडम, खूप छान आहे, आता जाऊ का?"

लघवीत इन्फेक्शन निघालं. मॅडमनी गरोदरपणात चालतात अशा गोळ्या दिल्या आणि चांगलं झापलं. पाणी प्यायचं, लघवी तुंबवायची नाही. इन्फेक्शन अंगावर काढलं तर किडनीपर्यंत जातं, वेळेआधी कळाही येऊ शकतात. जिना खुशाल चढा. सुरुवातीला गर्भ जातो तो बहुतेक वेळा गर्भाच्या घडणीतच काही चुकलेलं असतं म्हणून, आईच्या चालण्या-वाकण्याने नाही.

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हळूच म्हणाली, "आणि स्कूटरवर बसल्याने?"

"नाही हो, आजी."

"पाण्याचा हंडा उचलला तर?"

"त्यानेही नाही."

आई खुर्चीत मागे टेकली. येताना रिक्षात एकदाही "हळू घ्या" म्हणाली नाही. खड्डे तेवढेच होते.

तुझा,
विक्रांत

ता. क. : स्कूटरचा प्रश्न तुझ्यासाठी होता. तुझं बाळ गेलं तेव्हा आई काय बोलली आणि तू या घरी येणं का सोडलंस, ते मला माहीत आहे. घरी आल्यावर ती म्हणाली, "मी पोरीला उगाच बोलले रे."

आणखी ता. क. : हंड्याचा प्रश्न तिच्या स्वतःसाठी. तुझ्या-माझ्यामध्ये एक होतं, ते पोटातच गेलं. आपल्या आजीने तिला त्यावरून जन्मभर ऐकवलं. हे मला परवाच कळलं.

अगदी शेवटचं : तुला फोन करायची तिची हिंमत होत नाही. तू कर. आधी ती तुला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची कागाळी सांगेल. ऐकून घे, फोन ठेवू नकोस.