जोडीनं मुलाखत

३ मे, सकाळ

शाळा बंद पडली तेव्हा आम्ही दोघंही एकाच दिवशी घरी बसलो. मी इतिहास शिकवायचो, ही गणित. परवा शिक्षक भरती मेळावा आहे. बाहेरगावच्या निवासी शाळा नवरा-बायको दोघांना घ्यायला उत्सुक असतात म्हणे. घर एकच द्यावं लागतं. स्ट्रॅटेजी पक्की: बोलायचं मी. ही मुलाखतीत बुजते. माझ्याबरोबर हिचंही काम होऊन जाईल.

निश्चय: दोघांना घेणार असतील तरच जायचं. हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, "बरं." माझ्यावर केवढा विश्वास!

५ मे, दुपार

मेळावा एका हॉटेलच्या हॉलमध्ये. ओळीनं टेबलं, मागे प्रत्येक शाळेच्या रिकाम्या जागांचे कागद. गणित जवळजवळ सगळीकडे. इतिहास शोधावा लागतो. चांगल्या पोस्ट जाहीर करत नसावेत.

टेबलाशी गेलं की आधी मी हात पुढे करतो. लोक हात माझ्याशी मिळवतात आणि प्रश्न हिला विचारतात. शिष्टाचार.

ब्लेझर मेहुण्याचा. बटण लागत नाही. उघडाच बरा, आत्मविश्वास दिसतो.

५ मे, संध्याकाळ

मुलाखत झाली. डोंगरावरची निवासी शाळा, प्राचार्य बाई. हॉटेलच्या खोलीतच बोलावलं. आमच्यासाठी खुर्ची एकच. मी बसलो, कारण बोलायचं मला होतं. ही पलंगाच्या कडेला.

बाईंनी हिला विचारलं, अपूर्णांकांना घाबरणाऱ्या मुलाला कसं शिकवाल? ही शब्द जुळवत होती, तेवढ्यात मी सांगून टाकलं की भीतीकडे आधी इतिहासाच्या अंगानं बघायला हवं. बाई म्हणाल्या, "छान. आता त्यांना बोलू द्या." हिनं चहाच्या ट्रेमधला कागदी रुमाल उचलला, घड्या घातल्या आणि बाईंनाच विद्यार्थी करून प्रश्न विचारत सुटली. बाई एकदा चुकल्यासुद्धा. दोघी हसल्या.

वातावरण मी तयार केलं होतं, त्याचा हिला फायदा झाला. उतरताना तसं बोललोही. ही जिन्यात थांबली. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "पायरी बघून उतरा."

६ मे, सकाळ

बाईंचा निरोप आला, पण फक्त हिच्या नावानं. घाईत एकच नाव सांगितलं असेल. मीही गेलो. बाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये मळक्या चादरींच्या ढकलगाडीशेजारी उभा राहिलो. आतून हिचं हसणं ऐकू आलं. शाळा बंद पडल्यापासून ऐकलं नव्हतं. त्याच्याही आधी कधी ऐकलं, ते आठवेना.

ही बाहेर आली. मी विचारलं, "मिळाली आपल्याला?"

"मला मिळाली."

इतिहासाला जागा नाही. मला वसतिगृहात मुलांवर लक्ष ठेवायचं काम देतील, आणि मग दोघांना घर. चालेल का, असं हिनं विचारलं. मी तिथल्या तिथे बाणेदारपणे सांगितलं, इतकी वर्षं इतिहास शिकवून मी उशांचे अभ्रे मोजणार नाही. आमचा नकार कळव. "तुमचा कळवते," ही म्हणाली आणि परत आत गेली.

ताणून धरलं की भाव वाढतो. दुपारपर्यंत इतिहासाची जागा निघेल.

६ मे, दुपार

निघाली नाही. बाकीच्या टेबलांवर फिरून आलो. एकानं विचारलं, गणिताच्या मॅडम दिसत नाहीत? दुसऱ्यानं माझं नीट ऐकून घेतलं आणि मला पाण्याची बाटली दिली.

विचार केला, वसतिगृह काही वाईट नाही. मुलं खरी घडतात ती वर्गाबाहेरच. शिवाय ही एकटी तिथे काय करणार? गॅस, बँक, सगळं मीच बघतो. तेव्हा मोठ्या मनानं होकार द्यायचं ठरवलं. हिला सरप्राइज म्हणून थेट बाईंना गाठलं.

बाई सामान आवरत होत्या. गोंधळल्या. म्हणाल्या, "पण तुम्ही येणार नाही, असं कळवलंत ना? ते काम आणि घर दुसऱ्या जोडप्याला दिलं. मॅडमना एकटीपुरती खोली दिली आहे."

मी म्हणालो, अर्थात. अर्थात. नक्की किती वेळा म्हणालो कुणास ठाऊक.

६ मे, परतीची बस

ही खिडकीशी, डोळे मिटून. मी हिला धीर दिला. म्हटलं, घाबरू नकोस, एकटीची खोली तुझ्या गळ्यात मारली आहे, तुला नाही म्हणता येत नाही. उद्या मी फोन करतो, बाईंना नीट समजावतो, घर परत मिळवतो.

हिनं डोळे उघडले. "बाई घर दोन दिवस राखून ठेवणार होत्या. म्हणाल्या, त्यांना विचार करू द्या. मीच नको म्हटलं."

"का?"

"सकाळी तुम्हाला विचारलं ना, तेव्हा तुम्ही नाही म्हणावं असंच मला वाटत होतं."

हिला दमल्यामुळे असं वाटतंय, हे मी समजावून सांगायला लागलो. ही म्हणाली, "अहो, थोडा वेळ बोलू नका."

बोललो नाही. तिला लगेच झोप लागली.