सेटल झालं की न्यायला येतो

कळवा,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय अमृता,
सप्रेम जयभीम.

तू बरी असशील. रवींद्रचा खोकला गेला का? प्रियांकाच्या बदलीचं काही कळलं? मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. फोनवरही आपण एवढंच बोलतो. मग तू म्हणतेस "ठेवू?" आणि मी म्हणतो "ठेव". कळव्याहून कोपरला पत्र पाठवणारा माणूस पाहून तुझा भाऊ हसेल, वहिनीही हसेल. हसू दे. मला बोलण्यापेक्षा लिहिता बरं येतं. आयुष्यभर लोकांच्या दुकानांवर लिहूनच पोट भरलं.

बातमी अशी की मला कर्ज मिळतंय. छोटं आहे, पण मिळतंय. अक्षरं कापायचं मशीन घेणार आहे, ते व्हिनाइलचं. फ्लेक्सचं नाही, घाबरू नकोस.

तुला सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलंय, म्हणून एकदा सलग लिहितो.

लॉकडाऊननंतर वर्तकनगरचं दुकान गेलं, कर्जावर घेतलेलं फ्लेक्सचं मशीन बँकेने उचलून नेलं, वसुलीवाले आपल्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले, तेव्हाच मी तुला म्हटलं की तू रवींद्रकडे जा, सगळं सेटल झालं की न्यायला येतो. पुढे बँकेने थोडे पैसे घेतले, उरलेले सोडले आणि पत्र दिलं. पत्रात इंग्रजीत तोच शब्द होता, सेटल्ड. मला किती आनंद झाला! आपल्याकडे त्या शब्दाला काय वजन आहे बघ. तुझे वडील मला बघायला आले तेव्हा चहाचा कप हातात घ्यायच्या आधी विचारते झाले, "मुलगा सेटल आहे ना?" आणि माझी आई बसल्या जागेवरून म्हणाली, "नाक्यावरच्या पाट्या वाचत आलात ना? त्यातल्या निम्म्या ह्याच्या हातच्या आहेत."

तर मी पेढे आणले, अख्ख्या चाळीत वाटले आणि तुला फोन केला की सेटल झालं.

महिन्याभराने दुसऱ्या बँकेत गेलो. गाळ्याच्या डिपॉझिटसाठी थोडे पैसे हवे होते. काउंटरवर रसिका नावाची मुलगी होती, रवींद्रच्या ऋजुताच्या वयाची. तिने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि आवाज खाली केला.

"काका, नाही होणार. तुमचं सेटल्ड दिसतंय."

"अगं, मग चांगलंच आहे की!"

"नाही हो काका. सेटल्ड म्हणजे तुम्ही पूर्ण फेडलं नाही, बँकेनेच नाद सोडला. कोणीही बघितलं की आधी तेच दिसतं."

"मग चांगला शब्द कोणता?"

"क्लोज्ड."

मी तिथे हसलो. तिला वाटलं असेल, काकांचं डोकं फिरलं. अमृता, दुकानाच्या शटरवर 'बंद' हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि नंतर वर्षभर त्या रस्त्याने गेलो नाही. इथे तोच शब्द मानाचा निघाला! मी लोकांच्या पाट्यांतले ऱ्हस्व-दीर्घच्या चुका काढणारा माणूस. माझ्या नावापुढचा एक शब्द मला वाचता आला नाही.

त्याच संध्याकाळी तुला फोन करून म्हणालो, "थांब जरा, थोडं काम राहिलंय." तू म्हणालीस, "बरं."

थोडं म्हणता म्हणता तीन वर्षं गेली.

बँकेने सोडलेले पैसे मी भरायला घेतले. आधी तर ते घेईनात. एक साहेब म्हणाला, "अहो, माफ झालंय ते, कशाला उकरता?" रवींद्रला कळलं तेव्हा त्याने फोनवर माझी खूप खेचली. "दाजी, बँकेला दान देणारे जगात तुम्ही एकटेच. तशी पाटी करून लावा दारावर." मी चिडलो, फोन ठेवला. त्याचं चुकत नव्हतं. पण ते पैसे भरल्याशिवाय तो शब्द पुसला जाणार नव्हता. सोसायट्यांच्या पार्किंगचे नंबर काढले, लिफ्टमधल्या सूचना लिहिल्या, एका शाळेच्या भिंतीवर पाढे लिहिले. हाताने रंगवणारा आता कोणी उरलेला नाही, त्यामुळे काम मिळत गेलं.

मध्येच रसिकाने एक युक्ती सांगितली. थोडे पैसे बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायचे, त्यावर कार्ड घ्यायचं, कार्डावर दूध-भाजी आणायची आणि तारखेच्या आत भरून टाकायचं. म्हणजे स्वतःचेच पैसे स्वतःला उसने द्यायचे आणि स्वतःच वेळेवर फेडायचे, कुणीतरी लांबून बघत असतं म्हणून. एक कोथिंबिरीची जुडी घ्यायला मी कार्ड काढतो. भाजीवाली मीराबाई मला म्हणते, "आले मोठे साहेब!"

ह्या गणपतीत बँकेचं पत्र आलं, काही बाकी नाही असं. नंतर सिबिलच्या नोंदीतही शब्द बदलला, सेटल्डचा क्लोज्ड झाला. मोबाइलवर पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पेढे आणले नाहीत. कोणाला देणार?

तरी कोणी दारात उभं करेना. मोठ्या बँका म्हणतात, जुना इतिहास आहे. मोबाइलवरून पाच मिनिटांत कर्ज देणारे रोज फोन करतात, त्यांचं व्याज ऐकून मी फोन उलटा ठेवतो. शेवटी डोंबिवली पश्चिमेला गावातल्या लोकांची एक पतसंस्था आहे, तिथे गेलो. चेअरमन तानाजीशेठ भोईर, आगरी माणूस, मोठ्या आवाजाचा. त्यांच्या पाटीवर 'मर्यादित' मधला 'दि' दीर्घ आहे. मला राहवलं नाही. खुर्चीत बसायच्या आधीच सांगून बसलो.

"अरे दादूस, तू करज मांगाला आलास का आमची चूक कारायला?"

"दोन्ही."

तो असा हसला की आतून शिपाई बघायला आला. मग त्याने माझे कागद स्वतः वाचले. "बँकनं सोरलेलं पैसं भरलंस?" असं दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणालो. मग म्हणाला, "कॉम्प्युटर काय बोलतो तो बोलू दे. तुला देतो. फकस्त बायकोची सही लागंल, सहकर्जदार म्हणून. बायको कुठं हाय?"

"कोपरला. माहेरी."

"जवलच हाय की. आन मंग सही."

मी हो म्हणालो. अर्ज घडी करून खिशात घातला आणि चालत तुमच्या बिल्डिंगपर्यंत आलो.

हे मी लिहिणार नव्हतो.

गेल्या बुधवारची गोष्ट. तू गॅलरीत होतीस, बालवाडीतून नुकतीच आली असशील, खांद्याला पर्स तशीच होती. दोरीवरचे कपडे काढत होतीस आणि शेजारणीशी बोलत होतीस. तू कसल्यातरी गोष्टीवर हसलीस. ते हसणं मला खाली ऐकू आलं, आणि माझ्या लक्षात आलं की फोनवर मी ते इतक्या वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही. पेपरच्या स्टॉलपाशी उभा राहिलो. एक पेपर विकतही घेतला, उगाच.

वर आलो नाही. दारात उभं राहायचं, तू पाणी आणणार, आणि मी खिशातून अर्ज काढणार? तू सही केली असतीस. काही न विचारता केली असतीस, तेच मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तानाजीशेठला म्हणालो, सही नाही मिळणार.

"मंग बायकोशिवाय अर्धंच मिलंल."

"अर्धंच द्या."

अर्ध्यात जुनं मशीन येतं. भिवंडीला एक बघून ठेवलंय, ब्लेड बदलली की चालेल. पैसे सोमवारी मिळतील. म्हणजे माझं कुठलंही काम तुझ्यावर अडलेलं नाही, हे नीट वाच. हे सांगण्यासाठीच मी एवढं लांबण लावलं.

घरात सगळं जागच्या जागी आहे. पाटीवर खडूची रेघ मारायला दोरीचं दुसरं टोक तू धरायचीस, आठवतं? आता मी ते खिळ्याला बांधतो. रेघ सरळ येते. पण खिळा "अहो, जरा वर घ्या, डोळ्याला तिरकं दिसतंय" असं म्हणत नाही. तू म्हणायचीस तेव्हा मी पट्टी लावून तुला दाखवायचो की माझंच बरोबर आहे. पट्टीने माझंच बरोबर असायचं. रस्त्यापलीकडून बघितलं की तुझं.

परवा प्रियांकाशी बोललो. ती म्हणाली, "दाजी, तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. तुमचा तो पहिला फोन आला ना, सेटल झालं म्हणून, त्या रात्री ताईंनी बॅग भरून दाराशी ठेवली होती. महिनाभर तिथेच होती. आम्ही ओलांडून जायचो. मग तुमचा 'थांब जरा' आला आणि दुसऱ्या दिवशी बॅग माळ्यावर गेली."

तू मला कधी बोलली नाहीस. मीही विचारलं नाही, काय वाटलं म्हणून. मी शब्द दुरुस्त करत बसलो. नावाला डाग असताना तुला न्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. तू डागाबद्दल एका शब्दाने काही म्हणाली नव्हतीस, तो माझाच हट्ट.

आलीस तर बालवाडीची नोकरी सोडायची नाही, कळव्याहून जाऊन-येऊन होते. घर पूर्वीचंच आहे, एक खोली, त्यात आता मशीनही येईल. आवाज करेल. हे आधीच सांगितलेलं बरं.

रविवारी दुपारी मी कोपरला येतो. ह्या वेळी खिशात कागद नसेल. तू येशीलच असं मी धरून चाललेलो नाही. नुसता चहा दिलास तरी चहा पिऊन परत येईन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन. फोनवर हे बोलायला जमणार नाही, मी परत "ठेव" म्हणेन. म्हणून मोबाइलवरून एका ओळीचा मेसेज कर, तेवढा पुरेल.

खाली थांबू, की वर येऊ?

तुझा,
धम्मपाल