जाळीची कड

३ फेब्रुवारी, सोमवार
पुन्हा कड करपली. पॉवर पन्नास, वेग दहा — जाळीचं कापड कापलं जातं, पण कडेला तपकिरी गाठी. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये लेझर चालवणारे बसवंतअण्णा म्हणाले, "अक्का, हे कापणं नव्हे, चकल्या तळणं!"

बारा झोळ्यांची ऑर्डर आहे. चालता न येणाऱ्या माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवण्यासाठीच्या. हुबळीच्या पुनर्वसन केंद्राला पंधरा दिवसांत हव्यात. त्याआधी एक आमच्या सुचेतासाठी. धाकटी बहीण. स्कूटरच्या अपघाताला तीन वर्षं झाली, तेव्हापासून मी आणि शेजारची स्मिता तिला काखेत धरून उचलतो. माझी पाठ गेली. (हे तिच्यापुढे बोलायचं नाही.)

५ फेब्रुवारी
सापडलं! पॉवर नव्हे, वेगच चुकत होता. पंचेचाळीस आणि पंचवीस. हवेचा झोत मंद ठेवायचा, नाहीतर वितळलेलं उडून जातं आणि धागे मोकळे राहतात. कड स्वच्छ. नखाने ओढून पाहिलं, एक धागा सुटत नाही.

६ फेब्रुवारी
झोळी ज्यावर टांगायची त्या पट्ट्याला मात्र कुठलंच सेटिंग लागू पडेना. आकसून गोळा होतो. चिकपेटचा दुकानदार म्हणाला होता, "पॉलिएस्टरच मेडम, गॅरंटी!" तुकडा बादलीत टाकला. तरंगला! पॉलिएस्टर बुडतं. हे पॉलिप्रॉपिलीन.

रीळ घेऊन थेट दुकानात. त्याच्याकडेच बादली मागितली. चार गिऱ्हाइकं जमली. "सरी अक्का, सरी! बरं, पाणी नको, बदलून देतो."
दुसरं रीळ बुडवून बघूनच घेतलं.

१० फेब्रुवारी
पट्टा: सत्तर, बारा. एकाच फेरीत. दीडशे किलो वाळूची पोती दिवसभर टांगली. शिलाई जागची हलली नाही. पदवीचं टेक्स्टाइल वीस वर्षांनी कामाला आलं.

१२ फेब्रुवारी
जाळीच्या कडेला गोट लावायचा नाही, असं ठरवलं. धागे सुटतच नाहीत तर गोट कशाला? दोन दिवस वाचतात. बसवंतअण्णा कुरकुरले — "बिनगोटाची तर आमच्यात गोधडीही कुणी देत नाही." हसण्यावारी नेलं.
गोट टाळतेय तो गरज नाही म्हणून, की घाई आहे म्हणून? स्वतःला विचारलं. गरज नाही. कापसाला लागतो गोट, याला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
सुचेता झोळीत बसली! उचलायच्या यंत्राचं लिव्हर मारलं, ती अलगद वर. "अक्का, हुबळीला पाठवतेस की काय मला? तिकीट लाव गं आधी!" स्मिताचे हात मोकळे, तिला काय करावं सुचेना. सुचेता म्हणाली, "स्मिता, आता तू फुकटची कॉफी पिऊन जा."
दोन तास झोळीतच खुर्चीवर, खिडकीपाशी. मी रीतसर विचारून वहीत लिहिलं. "कुठे टोचतंय?" — "छे! झोपाळा आहे नुसता."
पास.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी सातला बारा झोळ्या लॉरीत चढल्या. पाठसुद्धा कमी दुखतेय!

१७ फेब्रुवारी, साडेदहा
अंघोळीसाठी सुचेताला कुशीवर वळवलं. दोन्ही मांड्यांखाली लाल रेघा, पट्टीने आखल्यासारख्या, बरोबर जाळीची वितळून कडक झालेली कड येते तिथे. उजवीकडे कातडं सुटलंय.
"टोचत नाही म्हणालीस!" मी ओरडलेच.
"मी पाठीचं सांगितलं, अक्का. कमरेखालचं मला कुठे कळतं?"
तीन वर्षं रोज मी तिचे पाय धुते. आणि तिलाच विचारलं.
हुबळीतल्या बाराजणांनाही कळणार नाही.
लॉरी तुमकूर ओलांडून गेली होती. बसवंतअण्णांना म्हटलं, ड्रायव्हरला फोन लावा — परत फिरव म्हणावं.