दाराशी टेकवलेली रायफल

बाबा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला कधी काही लिहिलं नाही, पण या महिन्यात मी जे केलं ते दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. ठाण्याच्या पोलीस शस्त्रागारात तुम्ही हवालदार होतात आणि रविवारी मी तुमचा डबा घेऊन यायचे. एकदा तुम्ही पाठमोरे असताना टेबलावरची रायफल उचलून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला होता. तुम्ही वळलात, ती माझ्या हातातून काढून घेतलीत, उघडून आत दाखवलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "रिकामी आहे हे मला ठाऊक होतं. तुला नव्हतं." मग दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

आता मी सिडनीत जाहिराती करते, घर तिथल्याच ब्लॅकटाउन उपनगरात आहे. शिकारीच्या रायफली विकणाऱ्या एका कंपनीचं काम आलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही. इथे लायसन्स लागतं, रायफल तिजोरीत कुलूपबंद ठेवावी लागते, मग नुसत्या जाहिरातीत काय वावगं, अशी मनाची समजूत घातली. फोटोसाठी आम्ही एका शेतावर गेलो. क्लायंटला रायफल स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवलेली हवी होती, अगदी घरातली वाटावी अशी. शेताची मालकीण, साठीची बाई, म्हणाली की या घरात ती अशी कधी ठेवत नाहीत. तिजोरीतून निघते ती कामाला आणि काम झालं की परत आत. क्लायंट तर राहू दे म्हणाला. बोलले ती मीच. पाचच मिनिटं लागतील, नुसतं चित्रच तर आहे, असं गोड बोलून मी तिला वळवलं. रायफल रिकामी असल्याचं तिने स्वतः दोनदा पाहिलं आणि फोटो होईपर्यंत तिथून हलली नाही. निघताना तिने आम्हाला चहा दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

फोटो छान आला. त्याखालची ओळही माझीच, 'घरातलंच एक माणूस' अशा अर्थाची. जाहिरात छापलेलं मासिक घरी आलं तेव्हा तुमच्या नातीने ते पान उघडलं. ती दहावीत आहे, मराठी कळतं पण उत्तरं इंग्रजीत देते. "मम, धिस शुड बी लॉक्ड अप, राइट?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, असा फोटो घ्यायचं कुणी ठरवलं.

क्लायंटने, असं मी सांगितलं. बाबा, हे पत्र कुठे जाणार नाही म्हणूनच लिहिता आलं. ती शेजारच्या खोलीत अभ्यास करत बसली आहे, आणि तिथे जाऊन तिला खरं सांगणं मला अजून जमलेलं नाही.