गॅरेजवाल्यांनी मला आपलं मानलं

४ जानेवारी
मानववंशशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सुरू. एखाद्या समूहात मिसळायचं, त्यांच्यासारखं वागायचं, बघायचं, लिहायचं. याला सहभागी निरीक्षण म्हणतात. वर्गातली टॉपर लायब्ररीतल्या वाचकांवर लिहितेय. गुळमुळीत विषय. मी कोपऱ्यावरचं गॅरेज घेतलं. बाबा म्हणाले, याही वेळी नापास झालास तर मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं. म्हटलं, निश्चिंत राहा. आईने लगेच मामाला फोन लावला.

६ जानेवारी
मोठे मिस्त्री गाडीखाली होते. फक्त पाय दिसत होते. पायांनाच संशोधनाचा हेतू समजावला. आतून आवाज आला, बरं, आधी तो डबा घासून आण. पहिल्याच दिवशी स्वीकार! घासला.

९ जानेवारी
मिस्त्रींनी डाव्या हाताचा पाना आणायला पाठवलं. सगळी दुकानं पालथी घातली. प्रत्येक दुकानदार हसून पुढच्याकडे पिटाळायचा. रिकाम्या हाताने परतलो तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हा दीक्षाविधी. असा मान वर्गात कुणाला मिळालेला नाही.

१५ जानेवारी
घबाड! वेल्डरने बाजूला घेऊन गुपित सांगितलं. बॉनेट उघडण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची, तीनदा टकटक करायची आणि 'उघडू का?' असं विचारायचं. नाहीतर इंजिन रुसतं. अंगावर काटा आला. म्हटलं, तुम्हाला तर कधी करताना बघितलं नाही. म्हणाला, जुनी माणसं मनातल्या मनात करतात, नवख्याला मोठ्याने करावं लागतं.
उद्यापासून मोठ्याने.

२ फेब्रुवारी
घसा बसलाय. पण श्रद्धा पसरतेय. शेजारचा टेलर मशीन सोडून बघायला येतो. मिस्त्री गिऱ्हाइकांना थांबवून घेतात. लिखाण अजून एक ओळही नाही. आधी जगायचं, मग लिहायचं. सोमवारपासून मात्र रोज दहा पानं.

११ फेब्रुवारी
टॉपर स्कूटर दुरुस्तीला घेऊन आली. मिस्त्रींशी तासभर गप्पा काय, खिदळणं काय. शास्त्रीय अंतर नावाची गोष्टच नाही. वाचक तोंड उघडत नाहीत म्हणून विषय बदलतेय म्हणाली. बिचारी. मोठ्या मनाने सांगितलं, हवं ते बघ इथे. ती माझ्याकडेच बघत होती. स्वाभाविक आहे.

२६ फेब्रुवारी
सोमवार बरेच येऊन गेले. शेवटी दोन दिवसांत सगळं लिहून काढलं. मुख्य प्रकरण : 'यंत्रातील आत्मा'. प्रोजेक्ट तपासणाऱ्या मॅडमना धक्का बसणार.

८ मार्च
तोंडी परीक्षा. मॅडमनी विचारलं, हा विधी तुझ्याशिवाय कोण करतं? म्हटलं, सगळेच, मनातल्या मनात. तुला कसं कळलं? त्यांनी सांगितलं. सांगताना ते हसत होते का? म्हटलं, हो, फार आनंदी समाज आहे.
मॅडम बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळा एकदम पडला.
नापास. लाज वाटली, खूप वाटली. मामाने दुकानात स्टूल रिकामं केलंय.

१० मार्च
टॉपर घरी आली. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याची परवानगी लागते म्हणाली. (मी गॅरेजमध्ये कुणाची घेतलीच नव्हती.) तिचा विषय : गॅरेजमध्ये नवख्याची फिरकी कशी घेतात. नाव गुप्त राहील, फक्त 'एक नवखा'; मिस्त्री आणि वेल्डरनेही ओळख न दाखवण्याचा शब्द दिलाय. आधी तडकलो. मग विचार केला, कुणाला कळणार आहे? दिली.

१८ मार्च
टॉपरचं सादरीकरण. अख्खा विभाग हजर. मिस्त्री आणि वेल्डर पाहुणे म्हणून पुढच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. दोघांनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बोलले तसे वागले. मी शेवटच्या बाकावर. सभागृह हसून लोळत होतं, मीही हसलो, अगदी परक्यासारखा. कुणाला संशय नाही. सुटलो.
तेवढ्यात ती म्हणाली, नवखा बॉनेटवर दोनदा टकटक करायचा.
दोनदा! एवढं निरीक्षण करून दोनदा! गप्प बसायचं पक्कं ठरवलं होतं. उभा राहून ओरडलो, तीनदा!
सगळं सभागृह मागे वळलं. टॉपरने आकडा तिथल्या तिथे दुरुस्त केला आणि माझे जाहीर आभार मानले. नावासकट.