अंड्याची अपॉइंटमेंट

३ मार्च
सापडलं एकदाचं! क्रिटेशस काळातल्या चुनखडीच्या थरात डायनासोरचं अख्खं अंडं. वय सात कोटी वर्षं. नवरोबा असे नाचले की आमच्या लग्नातही नाचले नव्हते. आत पिल्लाची हाडं असणार म्हणे. मी शेजारीच ब्रश धरून उभी — पण माझ्याकडे बघतंय कोण!

५ मार्च
पोटात उजवीकडे पुन्हा दुखलं. डॉक्टरीणबाईंनी दाबून पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. "गाठ वाटतेय. स्कॅन करून घ्या." तारीख मिळाली मे महिन्यातली! मशीन एकच, रांग ही एवढी.
घरी बोलले नाही. अंड्याच्या कौतुकात माझं रडगाणं कशाला?

६ मार्च
फोडलं तर आतली हाडं जातील, म्हणून आता अंड्याचाही स्कॅन! मशीनवाला नवऱ्याचा शाळासोबती. रविवारी मशीन मोकळं असतं, चौदा तारखेची वेळ पक्की. म्हणजे मला मे, अंड्याला मार्च. वर हाच मला सांगतो, "ओळख असली की कामं होतात बघ." बघतेय ना!

९ मार्च
भीती वाटते. फार.

१३ मार्च
नवऱ्याने अंड्यासाठी पेटी आणली. मी फोम कापायला घेतला, तर म्हणे, "राहू दे, मी भरतो. तू हात लावू नकोस." एकोणीस वर्षं सुईच्या टोकाने ह्याने खणलेली हाडं साफ करतेय, आणि आज माझ्यावर भरवसा नाही! जिभेवर आलं होतं, गिळलं. आधी अंडं होऊन जाऊ दे. माझं बघू मग.

१४ मार्च, रविवार
गाडीत पेटी माझ्याच मांडीवर. खड्डा आला की जीव मुठीत. हॉस्पिटलात मशीनवाला म्हणाला, "या वहिनी, आडव्या व्हा." मी पेटी पुढे केली — "अहो, पेशंट ह्यात आहे!"
नवऱ्याने झाकण काढलं. आत माझ्या शालीत गुंडाळलेल्या पाण्याच्या दोन भरल्या बाटल्या. अंडं घरीच!
"महिनाभर बघतोय, दगड उचलताना कूस दाबतेस. शेवटी डॉक्टरीणबाईंना जाऊन गाठलं. तुला सांगितलं असतं, तर 'आधी अंडं' म्हणाली असतीस."
शाल आणि बाटल्या उचलून गेले आत.
बाहेर आले, तर हा बाकावर बसलेला. रिकामी पेटी पोटाशी घट्ट धरून रडत होता.