थंडीला न भिणारी निलगिरी

कार्तिक शुद्ध १३, शके १७८५
काल तुळशीचं लग्न झालं. आज मळ्यातल्या दोन निलगिऱ्यांचं लावलं. निळ्या पानांची उंच ती नवरी. बुटकी, पण थंडीला न भिणारी, तो नवरदेव. अंतरपाट धरला, मग फुलातली पूड मोरपिसानं इकडून तिकडे नेली. चिखलदऱ्याच्या साहेबाच्या बागेत निलगिरी थंडीनं मरते. माझ्या जातीची मरायची नाही. आमच्या मनकर्णेनं अक्षता टाकल्या अन् म्हणाली, "सख्ख्या भाच्याच्या लग्नात एवढे धावले नव्हते तुमी!"

आषाढ वद्य २, शके १७८६
बी रुजलं. शेजारचा खुशालराव म्हणतो, "अकोल्यापर्यंत सारे कापूस पेरून राहिले, अन् तुमी काहून लाकडं पेरता?" लोकांच्या डोक्यात कापूस भरला आहे.

मार्गशीर्ष वद्य ५
कडाक्याची थंडी. रोपं ठणठणीत! साहेबाला निरोप धाडला. रोपांजवळ रोज कडबा सांडलेला असतो. मनकर्णेला नीटनेटकेपणा नाही.

मार्गशीर्ष वद्य ८
खुशालराव म्हणतो, "वहिनी रोज सांजच्याले रोपं कडब्यानं झाकते, पहाटे उघडते. म्हणून जगली." कपाशीवाल्याला झाडातलं काय कळतं? मनकर्णेला विचारायची गरज वाटली नाही.

पौष शुद्ध २
साहेबाला आणखी रोपं लागतील, म्हणजे जागा हवी. मनकर्णेची शेवंती उपटली. ती फुलं ती स्वतः राजापेठेत विकायची, पण मोठ्या कामात असं चालायचंच. उपटलेली झाडं तिनं मुळांसकट टोपलीत भरली अन् भावाकडे, भातकुलीला गेली. संक्रांतीच्या आत येईल.

पौष शुद्ध ६
दहिवर पडलं, पानांवर गोठून बर्फ झालं. सगळी रोपं काळी. जातीत खोट नाही, यंदाची थंडीच वेगळी होती. दूध उतू गेलं. चूल विझली.

पौष शुद्ध ८
भातकुलीला गेलो. मनकर्णा भावाच्या मळ्यात शेवंती लावत होती. मान वर न करता विचारलं, "रोपं जगली का?"
तिचा भाऊ वामनराव बांधावर उभा, सोबत त्याचे गडी. म्हणालो, "जगली तर! एकही मेलं नाही."
"बरं झालं. मंग माही काय गरज?" म्हणाली, अन् पुढच्या सरीला सरकली.
निघताना वामनरावानं दोन रोपं मागितली. पाठवतो म्हणालो.